घरगुती मांजर-लिटर : मुंबईच्या दमट हवेत काय चालतं, काय घात करतं

कागदकाम

मांजराचं लिटर, म्हणजे शी-शूसाठी टबात घालायचा थर, घरी बनवायच्या कृती शोधल्या तर ढिगाने सापडतात, पण बहुतेक कोरड्या हवेत बसून लिहिलेल्या. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत तीच कृती जशीच्या तशी केली की कागदाचा लगदा वाळायच्या आत बुरशी धरतो, आणि ती बुरशी मांजर रोज उकरताना नाकात ओढून घेतं. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची नीट माहिती आहे त्यांनी प्रमाण, वस्तू, कुठे बिघडतं ते लिहावं. तयार लिटरच्या ब्रँडची तुलना इथे नको.

एक गोष्ट आधी. मांजर पंजे चाटून स्वच्छ करतं, त्यामुळे टबात जे घालाल ते थोडंफार पोटात जाणारच. प्रत्येक वस्तूला हाच प्रश्न विचारायचा: हे तोंडात गेलं तर चालेल का? चुलीची राख इथेच बाद होते. ओली झाली की ती अल्कधर्मी, पंज्यांची कातडी आणि जीभ दोन्ही पोळतात. गावाकडे मांजरं राखेच्या ढिगात जायची हे खरं, पण मोकळ्या मांजराला चार पावलांवर दुसरी जागा असते, फ्लॅटमधल्याला नसते. चुना, सिमेंट मिसळलेली वाळू, डांबरगोळ्या, कापूर, फिनाईल शिंपडलेला भुसा, सगळं बाद.

आता कागद. १ किलो वर्तमानपत्राची रद्दी घ्या. २० पानी अंक साधारण ८० ते ९० ग्रॅमचा असतो, म्हणजे ११-१२ अंक. चकचकीत पुरवण्या, जाहिरातींची पत्रकं, दुकानातली गुळगुळीत थर्मल बिलं आणि पिना काढून टाका. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. उभ्या २ सेंटीमीटरच्या पट्ट्या काढा. मिक्सरमध्ये कोरडा कागद फिरवू नका, त्याची कापसासारखी धूळ होते आणि ती मांजराला नको आहे.

बादलीत १० लिटर कोमट पाणी, त्यात अर्धा छोटा चमचा भांड्यांचा साबण, शक्यतो बिनवासाचा. पट्ट्या रात्रभर भिजवा. सकाळी हाताने कुस्करलं की पाणी काळपट होतं, ती शाई. जुन्या ओढणीतून गाळा, स्वच्छ पाणी घाला, पुन्हा कुस्करा, पुन्हा गाळा. फेस पूर्ण जाईपर्यंत हे करायचं. साबण राहिला तर मांजराच्या पोटात जातो आणि टबात कागद चिकटही लागतो. मग ३० ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे सपाट २ मोठे चमचे, शिंपडून मळा आणि पंच्यात बांधून पिळा. दोघांनी दोन टोकं धरून पिळलं तर उत्तम. पिळण्यावर सगळं अवलंबून आहे: पाणी जास्त राहिलं तर दाणे वाळताना एकमेकांना चिकटून पुठ्ठा होतो.

पिळलेला गोळा मोठ्या भोकांच्या चाळणीवर घासून मोकळा करा. दाणे ज्वारीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे हवेत. सुती चादरीवर दीड-दोन सेंटीमीटरचा थर पसरा, प्लास्टिकवर नको, खालून घाम धरतो. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी हात फिरवून ढेकळं फोडा. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस पुरतात. वाळलं की नाही हे हाताला कळत नाही. मूठभर दाणे काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून वाफ धरली तर अजून ओलं आहे, पुन्हा पसरा.

चेंबूर_पूर्व

उत्तम लिहिलंय. पण आमच्यासारख्यांना गच्ची नाही, सोसायटी गच्चीला कुलूप लावते. खिडकीच्या ग्रिलवर जेमतेम ऊन येतं. आणि पावसाळ्यात काय करायचं? पंख्याखाली वाळतं का?

कागदकाम

पंख्याखाली वाळतं, पण थर एक सेंटीमीटरच्या वर नको आणि चार-पाच दिवस धरा. तिसऱ्या दिवशी नाक जवळ नेऊन वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास चालेल, कुबट वास आला किंवा करडे-हिरवे ठिपके दिसले तर तो घाणा पूर्ण टाकून द्यायचा. ठिपके वेचून बाकीचं वापरायचं नाही, बुरशीचे तंतू दिसत नाहीत तिथेही पोचलेले असतात. कढईत भाजून वाळवायचा सल्ला काही जण देतात. करू नका, कागद कधी पेट घेईल कळत नाही.

जुनी पद्धतच इथे कामाची आहे. पापड-कुरडयांचं वाळवण एप्रिल-मे मध्ये करून वर्षभर ठेवतात, तसंच हेही. उन्हाळ्यात पावसाळ्याचं सगळं लिटर करून घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरायचं. भरण्याआधी दाणे पूर्ण थंड होऊ द्या, गरम भरले तर ड्रममध्येच वाफ धरते. ड्रम भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल येणारी भिंत असेल तर खाली पाट किंवा विटा द्या. काढायला कोरडा मगच वापरा.

तेवढं करणं जमणार नसेल तर पावसाळ्यात लगद्याच्या नादी लागू नका. कागदाच्या नुसत्या कोरड्या, १ सेंटीमीटर रुंद पट्ट्या वापरा. शोषण कमी, दिवसातून दोनदा बदलाव्या लागतात, पण बुरशीचा धोका नाही.

वखारीपाशी

लाकडाच्या भुशाबद्दल मी लिहितो, कारण मुंबईत तो फुकट किंवा स्वस्त मिळतो आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

भुसा कुठून आला हे पाहिल्याशिवाय पोतं उचलू नका. फर्निचरच्या कारखान्यातला भुसा, मग तो ओशिवऱ्याचा असो की घराखाली इंटिरियरचं काम चाललंय तिथला, प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचा असतो. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक, लॅमिनेटचा चुरा, कधी पॉलिशचे कण. एमडीएफची भुकटी पिठासारखी मऊ आणि एकसारख्या फिक्या तपकिरी रंगाची असते, हातावर घेतली की तळव्याच्या रेषांत बसते. तसं दिसलं की नकोच.

रे रोड, दारूखान्याकडच्या आरागिरण्यांमध्ये अखंड लाकूड चिरतात, तिथला भुसा डिंकाचा नसतो. पण कुठलं लाकूड ते विचारा. सागाच्या भुशाने माणसालाही शिंका आणि खाज येते. देवदार जातीच्या सुवासिक लाकडाचा भुसाही नको, तो वास म्हणजेच त्यातली उडणारी द्रव्यं. उत्तम म्हणजे पॅकिंगच्या पेट्यांचा पाइन, तोही रंध्याने निघालेला पातळ छिलका, करवतीचा बारीक भुसा नव्हे.

पेटी किंवा पॅलेट कुठलंही असो, त्यावर भाजून उमटवलेला शिक्का बघा. परदेशातून माल येतो त्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि शेजारी इंग्रजी अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते हातात धरू नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचा, रसायनाचा डाग असेल तर सोडून द्या.

आणल्यावर गव्हाच्या चाळणीने चाळायचं. खाली पडेल तो बारीक भुसा फेकायचा, वर राहील तो छिलका वापरायचा. लोक नेमकं उलटं करतात, कारण बारीक भुसा मऊ वाटतो. चाळताना तोंडाला फडका नको, मास्क लावा, आणि मांजर दुसऱ्या खोलीत. मग उन्हात एक दिवस. टबात ६ ते ७ सेंटीमीटर थर लागतो, कारण छिलका दबतो.

मार्जारवैद्य

वखारीपाशी यांच्या प्रतिसादातला धुळीचा मुद्दा मी आणखी ठासून सांगते. मांजरांना दमा होतो. खोकताना मांजर मान पुढे ताणून जमिनीलगत बसतं, घरच्यांना वाटतं केसांचा गोळा अडकलाय. लिटर बदलल्यावर असा खोकला सुरू झाला तर आधी लिटर बंद करा आणि छाती तपासून घ्या. धुळीची सोपी परीक्षा अशी: काळ्या कागदावर हातभर उंचीवरून मूठभर लिटर टाका, बाजूला टॉर्च आडवा धरा. उजेडात ढग दिसला तर ते टबात जायच्या लायकीचं नाही.

सुगंधाबद्दल. निलगिरी, लवंग, टी ट्री, सिट्रोनेला, लिंबाचं तेल, यातलं काहीही लिटरमध्ये थेंबभरही नको. फिनॉल वर्गातली द्रव्यं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी ग्लुकुरोनिडेशनची प्रक्रिया लागते ती मांजरात फार दुबळी आहे. कुत्र्याला जे पचतं ते मांजरात साचतं. काळं फिनाईल, पांढरं फिनाईल, जखमेवर लावायचं गडद अँटिसेप्टिक, सगळं याच यादीत. 'नैसर्गिक आहे' म्हणून कडुनिंबाचं तेल घालणारे भेटतात, तेही नको.

टब धुवायला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. ब्लीच शूवर कधीही ओतू नका. शूमधला अमोनिया आणि ब्लीच मिळून क्लोरामाइन वायू होतो, बंद बाथरूममध्ये तुमच्याही छातीला तो भारी पडेल.

पिल्लांसाठी: तीन-चार आठवड्यांची पिल्लं टब वापरायला शिकतात आणि त्याच वयात सगळं तोंडात घालून बघतात. गोळा धरणारं कुठलंही लिटर, घरचं किंवा बाजारचं, चार महिन्यांपर्यंत नको. पोटात फुगून आतडं अडू शकतं. पिल्लांना कागदच. नसबंदीनंतरही टाके भरेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, कागदाच्या पट्ट्या, म्हणजे जखमेला भुसा चिकटत नाही.

घरगुती लिटरचा एक तोटा ध्यानात ठेवा. गोळे धरणाऱ्या लिटरमध्ये रोज किती आणि केवढे गोळे निघाले यावरून शूचा अंदाज येतो. कागद-भुशात तो येत नाही. बोका असेल तर जास्त लक्ष हवं. टबात वारंवार जाऊन बसतो, ओरडतो, दोन थेंब येतात किंवा येतच नाही, मागची जागा सारखी चाटतो: मूत्रमार्ग अडला आहे. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखाना गाठा. उशीर झाला तर बोका दगावतो.

गर्भवतींनी टब साफ करू नये. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडकोष्ठं, म्हणजे अंड्यांसारखी सूक्ष्म रूपं, शीतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला १ ते ५ दिवस घेतात, म्हणून रोजच्या रोज शी काढणं हाच मोठा बचाव आहे. घरात काढणारं दुसरं कोणीच नसेल तर हातमोजे आणि नंतर साबणाने हात. ब्लीचने ती मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात.

माटुंगा_माऊ

सोड्याबद्दल शंका आहे. २ चमचे घातला तरी तीन दिवसांत अमोनियाचा भपकारा येतोच. चार चमचे घालून बघावा का?

कागदकाम

उलट वाढेल. ताज्या शूमध्ये अमोनिया जवळपास नसतोच, युरिया असतो. जिवाणू तो फोडतात तेव्हा अमोनिया तयार होतो. माध्यम जितकं अल्कधर्मी तितका तो वायू होऊन हवेत जास्त सुटतो. सोडा स्वतः सौम्य अल्कली आहे. शीचे आंबट वास तो धरतो, अमोनिया धरत नाही. म्हणून किलोला ३० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

अमोनियावर उपाय एकच, ओलं लवकर बाहेर काढणं. कागदी लिटर शू पडली की तेवढ्या जागी गडद आणि जड होतं, झाऱ्याने तेवढं काढून तितकंच कोरडं घाला. तळाला साचलेलं ओलं वरून दिसत नाही. टब थोडा तिरका करून एका कोपऱ्यात उकरून बघा. पूर्ण बदल एरवी चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात तीन दिवसांनी.

मार्जारवैद्य

+१. आणि सोडा मांजराने चाटून भरपूर खाल्ला तर रक्तातले क्षार बिघडतात. मळून आत मुरवायचा, वरून पांढरा थर द्यायचा नाही.

हिरवी_गॅलरी

कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाबद्दल लिहिते. नर्सरीत ५ किलोची वीट मिळते, पूर्ण भिजवली तर ७० लिटरच्या आसपास फुगते. लिटरसाठी तशी पूर्ण भिजवायची नाही. किलोला दीड ते दोन लिटर पाणी थोडं थोडं शिंपडत विटेचे थर सुटे करायचे. मोकळं झालं की उन्हात कोरडं करायचं. वजनाच्या आठपट पाणी धरतं, त्यामुळे शोषणात कागदापेक्षा सरस आणि वास कमी. मांजरांना आवडतंही, कारण मातीसारखं उकरता येतं.

घेताना 'लो ईसी' किंवा 'वॉश्ड' लिहिलेली वीट घ्या. साध्या कोकोपीटमध्ये मिठाचा अंश जास्त असतो, मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि मुंबईत तर टब न वापरताच ओला लागतो. नर्सरीतलं तयार 'पॉटिंग मिक्स' चुकूनही नको. त्यात शेणखत, हाडांची भुकटी, निंबोळी पेंड असते. हाडांच्या वासाने मांजर ते खातं.

त्रास दोन. पर्शियन किंवा कुठल्याही लांब केसांच्या मांजराच्या पायांना, मागच्या केसांना तंतू अडकतात आणि सोफ्यापर्यंत पोचतात. दुसरं, ओल्या कोकोपीटचा तपकिरी रंग फिकट टाइलवर उतरतो. टबाखाली रबरी पायपुसणं घाला. पावसाळ्यात ओलं राहिलं तर बारीक काळी चिलटं होतात. तेव्हा फवारा नको, सगळं टाकून टब उकळत्या पाण्याने धुवा.

वर्सोवा_७बंगले

समुद्रावरची वाळू धुऊन वापरली तर? फुकट आहे आणि मांजरांना वाळू सगळ्यात जास्त आवडते.

वखारीपाशी

समुद्राची नको, तीन कारणांनी. मीठ कितीही धुतलं तरी थोडं उरतं आणि वाळू कोरडी राहत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर नाल्यांचं पाणी येतं आणि भटकी कुत्री-मांजरं तिथेच शी करतात, त्यातून जंतांची अंडी येतात. आणि किनाऱ्यावरून वाळू उचलण्यावर कायद्याने बंदी आहे.

वाळूच हवी असेल तर नदीची, बांधकाम-साहित्याच्या दुकानातून, सिमेंटचा स्पर्श न झालेली. क्रश सॅंड म्हणून मिळते ती दगडाचा चुरा, तिच्या कडा धारदार असतात आणि दगडाची भुकटी भरपूर. नदीची वाळू बादलीत एक तृतीयांश भरा, पाणी घालून ढवळा, गढूळ पाणी ओता. पाणी नितळ होईपर्यंत. शेवटचं पाणी उकळतं घाला. वाळवून आधी रव्याच्या चाळणीने बारीक काढून टाका, मग मोठ्या चाळणीने खडे.

वजनाचा हिशोब मात्र करा. ४० बाय ३० सेंटीमीटरच्या टबात ५ सेंटीमीटर थर म्हणजे ६ लिटर मापाची वाळू, आणि दर लिटर मापाला दीड किलोच्या पुढे वजन. भरलेला टब ९-१० किलोचा. शिवाय वाळू शोषत नाही, शू खाली जाऊन तळाशी साचते. म्हणून वाळूखाली भोकांचा टब हवाच. आणि ती बाथरूमच्या जाळीत धुऊ नका, ट्रॅपमध्ये बसली की काढायला प्लंबर लागतो.

साइट_इंजिनीअर

पाइलिंगला, म्हणजे इमारतीचा पाया खोदताना, वापरतात ती बेंटोनाईट माती इथे चालेल का? कच्छहून पोत्यांनी येतं, आणि बाजारातलं गोळा धरणारं लिटर शेवटी बेंटोनाईटच ना.

वखारीपाशी

खनिज तेच, माल वेगळा. पाइलिंगचं मैद्यासारखं दळलेलं असतं. मांजराने एकदा उकरलं की खोलीभर उडेल. लिटरचं दाणेदार आणि चाळलेलं असतं. ओल्या पंज्याला भुकटीचा लगदा लागून बोटांत वाळतो. अर्थिंगच्या खड्ड्यात घालायचं बेंटोनाईट तर मुळीच नको, त्यात बऱ्याचदा कार्बन आणि इतर क्षार मिसळलेले असतात.

याच रांगेत मुलतानी माती. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी विकायला काढलेलं लिटर दाणेदार फुलर्स अर्थ होतं आणि मुलतानी माती त्याच जातीची, म्हणून लोक ती मळून, वाळवून, फोडून बघतात. न भाजलेला दाणा शू पडताच परत चिखल होतो. कारखान्यात दाणे उच्च तापमानाला भाजतात, ते घरच्या गॅसवर होत नाही.

दादर_शाकाहारी

गोळा धरण्यासाठी गवार गम? आइस्क्रीमच्या सामानात मिळतो. मक्याचा भरडाही गोळा धरतो.

हिरवी_गॅलरी

गवार गम वनस्पतीजन्य लिटरमध्ये वापरतातच. किलोभर कोरड्या छिलक्याला किंवा कोरड्या कोकोपीटला २० ग्रॅम, बंद डब्यात घालून हलवायचा. गोळा मऊ धरतो, लगेच उचलला तर फुटतो, १५-२० मिनिटं थांबायचं. ऑक्टोबर ते मे ठीक. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यानेच बुळबुळीत होतो, तेव्हा नको. पिल्लांना नको हे वर आलंच आहे.

मका आणि गव्हाचा कोंडा मुंबईत मला मान्य नाही. पोरकिडे, अळ्या, झुरळं, आणि तळमजल्यावर उंदीर. सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या मक्यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते यकृताचं विष आहे. भरडा मांजर चाखून बघतं, कारण ते खाद्यच आहे.

खटपट्या

दोन टबांची जुळणी लिहितो. वाळूला आणि पाइनच्या दाबलेल्या भुशाच्या गोळीला, म्हणजे ६-८ मिलिमीटरच्या पेलेटला, ती लागतेच.

एकात एक बसणारे दोन सारखे प्लास्टिकचे टब घ्या. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या मापाच्या दीडपट हवी, बहुतेक विकतचे ट्रे यात आखूड पडतात. वरच्या टबाच्या तळाला ड्रिलने भोकं पाडा: पेलेटसाठी ५ मिलिमीटर, वाळूसाठी २ मिलिमीटर, दोन भोकांत दीड सेंटीमीटर अंतर. ड्रिल आतून बाहेर मारायचं, म्हणजे प्लास्टिकची फुणगी खाली येते, पंज्याला लागत नाही. तरी आतून पॉलिशपेपर फिरवाच. तापलेल्या सळईने भोकं पाडू नका, कडा वितळून टणक ओठ तयार होतो, त्याच्याभोवती शू साचते.

टब पूर्ण आत बसत असतील तर खालच्यात चार कोपऱ्यांत उपड्या स्टीलच्या वाट्या ठेवा, ४ सेंटीमीटरची पोकळी मिळते. वाळू असेल तर जड वजनाने तळ मधोमध वाकतो, पाचवी वाटी मध्ये द्या. खालच्या टबात वर्तमानपत्राच्या चार घड्या, रोज बदलायच्या. पेलेट ओलं होऊन भुसा होतो, टब आडवा हलवला की भुसा खाली पडतो, कोरड्या गोळ्या वर राहतात.

पेलेट घेताना बॉयलरमध्ये जाळायचे मिश्र पेलेट घेऊ नका. त्यात बगॅस (उसाचं चिपाड), शेंगांची टरफलं, काहीही असतं आणि जुना साठा कुबटलेला असतो. दहा गोळ्या गरम पाण्यात टाका. १०-१५ मिनिटांत स्वच्छ लाकडी भुसा झाला, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, उग्र वास नाही, तर ठीक.

चेंबूर_पूर्व

जुन्या लिटरवरून नव्यावर आणताना मांजर टबाबाहेर करतं, त्यावर काय?

मार्जारवैद्य

एकदम बदलू नका. जुन्यात एक चतुर्थांश नवं, तीन-चार दिवसांनी निम्मं, असं दोन आठवड्यांत. जागा असेल तर दुसरा टब पूर्ण नव्या लिटरचा शेजारी ठेवून निवड मांजरावर सोडा. एका मांजराला दोन टब तसेही बरे, दोघांना तीन. टब वॉशिंग मशीनशेजारी नको, मशीन फिरू लागलं की मांजर त्या जागेला कायमची धास्ती घेतं. बदल करूनही बाहेर करत राहिलं तर शू तपासून घ्या, हट्ट समजू नका.

वन_बीएचके_बोरिवली

वापरलेलं लिटर टाकायचं कुठे? कागद आणि लाकूड म्हणून सोसायटीच्या खतखड्ड्यात चालतं असं एकांनी सांगितलं.

हिरवी_गॅलरी

नाही. सोसायटीच्या खड्ड्यातलं खत भाजीच्या, तुळशीच्या कुंड्यांत जातं आणि त्या खड्ड्याचं तापमान सगळीकडे सारखं चढत नाही, जंतांची अंडी तशीच राहतात. संडासातही टाकू नका. कागदाचा लगदा आणि कोकोपीट जुन्या इमारतींच्या सामायिक पाइपात फुगून बसतं आणि खालच्या मजल्यावर उलटं येतं. नुसती शीसुद्धा नको: टोक्सोप्लाझ्मा सांडपाण्यातून समुद्रात पोचतो, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरं (सी ऑटर) त्यामुळे मेल्याची नोंद आहे, आणि वरळी-वांद्र्याचं सांडपाणीही समुद्रातच सोडतात.

रोजचं काढलेलं वर्तमानपत्राच्या दुहेरी पुडीत घट्ट बांधा आणि डायपर-पॅड ज्या पद्धतीने वेगळे गुंडाळून देता तसंच द्या. ओल्या कचऱ्यात मोकळं टाकू नका, आणि सुक्यातही नको, तो कचरा माणसं हाताने निवडतात. पुडीवर पेनाने 'मांजराची घाण' लिहा. पूर्ण टब बदलाल त्या दिवशी पुड्या लहान करा, ओलं लिटर जड असतं आणि कागद तळाशी फाटतो. वाळू असेल तर दर वेळी थोडी थोडी, एकदम दहा किलो सफाईवाल्या ताईंच्या डब्यात नको.